मांगा-वाचनाची नोंद : गेकिगापासून ओसाकाच्या सावकारीपर्यंत

वर्षाच्या सुरुवातीला प्रौढ वाचकांसाठीच्या तीनच मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पूर्ण वाचायचे मी ठरवले होते. त्यांतल्या दोन इंग्रजी अनुवादातून वाचून झाल्या आहेत. तिसरी, म्हणजे युजी आओकी यांची ‘नानिवा किन्यूदो’, मी मूळ जपानीत वाचत आहे. तिच्या 19 खंडांपैकी चौथा सध्या हाती आहे. जूनमध्ये एका संध्याकाळी जेमतेम सहा पाने होत असत, आता बारा होतात.

पहिली कृती योशिहिरो तात्सुमी यांचे आठशेहून अधिक पानांचे चित्र-आत्मचरित्र, ‘अ ड्रिफ्टिंग लाइफ’. मुलांच्या मांगापेक्षा वेगळे, प्रौढांचे काही आपण रेखाटत आहोत हे सांगण्यासाठी 1957 साली ‘गेकिगा’ हा शब्द प्रचारात आणणारे ते हेच. 1945च्या जपानच्या शरणागतीपासून अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धच्या 1960च्या आंदोलनापर्यंतचा काळ त्यात येतो. पहिल्या वाचनात मी आजारी थोरल्या भावाच्या मत्सराच्या प्रसंगांत गुंतून पडलो होतो. दुसऱ्या वाचनात मात्र पेन्सिल घेऊन बसलो आणि मानधन, प्रकाशकांची ओढाताण आणि भाड्याने पुस्तके देणारी दुकाने यांचे उल्लेख टिपत गेलो, तेव्हा तो मत्सर कुठून येतो हे अधिक स्पष्ट दिसू लागले. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाच्या चित्रांना पैसे मिळू लागतात आणि दुसरा अंथरुणावर पडून ते पाहत राहतो. आपल्याकडे ज्यांनी पेठेतल्या खासगी वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने कादंबऱ्या आणल्या आहेत, त्यांना ‘काशिहोन’ दुकानांचे ते जग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी कृती शोतारो इशिनोमोरी यांची. ‘निहोन केइझाई शिम्बुन’ या अर्थविषयक वृत्तपत्राच्या संस्थेने 1986 साली प्रसिद्ध केलेली जपानी अर्थव्यवस्थेची ही चित्रमय ओळख 1988 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने इंग्रजीत आणली. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी पाच देशांनी केलेल्या सप्टेंबर 1985च्या प्लाझा करारापूर्वी एका डॉलरला सुमारे 240 येन मिळत होते, ते वर्षभरातच 160च्या खाली आले. अशा वेळी निर्यातीवर जगणाऱ्या कंपन्यांचे काय होते, हे एका व्यापारी कंपनीतल्या दोन परस्परविरोधी स्वभावांच्या कर्मचाऱ्यांमधून तिथे दाखवले आहे. विषय नीट समजतो, परंतु माणसे बहुधा मुद्दे मांडण्यासाठीच बोलतात, असे माझे मत झाले. मी ती चार दिवसांत संपवली.

आता तिसरीविषयी, कारण या नोंदीचे खरे प्रयोजन तीच आहे. 1990 ते 1996 या काळात ती कोदान्शाच्या ‘मॉर्निंग’ साप्ताहिकात येत होती आणि 1992 साली तिला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. आधीची कंपनी बुडाल्यामुळे बेकार झालेला हाइबारा नावाचा तरुण ओसाकातल्या एका लहानशा कर्ज देणाऱ्या संस्थेत नोकरीला लागतो आणि कागद वाचायला शिकतो. मीही त्याच्याबरोबर शिकत आहे. ओसाकाची बोली ही माझी पहिली अडचण होती. ‘किती?’ यासाठी पाठ्यपुस्तकातले ‘इकुरा’ सोडून ‘नान्बो’ आणि ‘चालणार नाही’ यासाठी ‘आकान’, एवढे कानात बसायलाच पहिला खंड गेला. दुसरी अडचण आओकींच्या चित्रांची होती. ते चौकटीची पार्श्वभूमी रिकामी सोडत नाहीत, आणि दुकानांच्या पाट्या, टेबलावरचे कागद, भिंतीवरची पत्रके वाचल्यावाचून पान उलटले, तर अर्धे पान वाचायचे राहिलेले असते.

मला सर्वांत अधिक वेळ लागला तो दोन शब्दांना. ‘तेगाता’ म्हणजे वचनचिठ्ठी, ठरलेल्या दिवशी पैसे देण्याचे लेखी वचन, आणि शब्दशः अर्थ हाताचा ठसा. सहा महिन्यांत दोनदा अशी चिठ्ठी न वटल्यास त्या व्यावसायिकाचे बँकांतले चालू खात्याचे आणि कर्जाचे व्यवहार दोन वर्षांसाठी थांबवले जातात, आणि म्हणून शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत पैसे उभे करण्याची धावपळ इथे खुनाच्या तपासाइतकी ताण देते. दुसरा शब्द ‘रेन्ताई होशोनिन’, म्हणजे असा जामीनदार की ज्याला ‘आधी मूळ कर्जदाराकडे मागा’ असे म्हणण्याचा हक्कच नसतो. पतसंस्थेच्या अर्जावर नातेवाइकासाठी सही करणाऱ्या आपल्याकडच्या माणसालाही बहुधा नोटीस आल्यावरच कळते की आपली जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. हा शब्द जिथे येतो ती चौकट पाहून मी वही मिटली आणि त्या संध्याकाळी पुढे वाचू शकलो नाही.

त्यानंतर मी व्याज स्वतः मोजायला लागलो. त्या काळी जपानात दोन कायदे दोन मर्यादा सांगत होते. व्याजदर-मर्यादा कायद्याप्रमाणे 10 लाख येन किंवा त्याहून अधिक मुद्दलावर वर्षाला 15 टक्केच घेता येत होते, पण शिक्षा मात्र दुसऱ्या कायद्याची मर्यादा ओलांडल्यावरच होई, आणि ती नोव्हेंबर 1991पर्यंत 54.75, नंतर 40.004 टक्के होती. म्हणजे 10 लाख येनांवर वर्षाचे व्याज एका हिशेबाने दीड लाख आणि दुसऱ्या हिशेबाने चार लाखांहून जरा जास्त होते. ही मधली ‘करडी’ जागा 2010 साली बंद झाली. मालिका चालू असताना ती उघडीच होती, आणि हाइबाराचे वरिष्ठ तिथेच उभे राहून हसतमुखाने चहा पुढे करतात. हे आकडे मांडल्यापासून मला त्या हसण्याच्या चौकटी निराळ्या दिसतात.

सध्या व्यवहाराच्या शब्दांची यादी 212वर आली आहे. ज्यांना ती हवी असेल त्यांनी कळवावे. तिच्यात तारण, बोजा आणि लिलाव यांचे जपानी शब्द संदर्भाच्या वाक्यासह उतरवले आहेत. चौथ्या खंडातल्या एका जमिनीच्या उताऱ्याची पाने मात्र मला अजून पूर्ण लागलेली नाहीत, म्हणून पाचवा खंड उघडण्याआधी या आठवड्यात तीच पुन्हा वाचणार आहे.