नाटक चालू, नाटककार गायब
आज दुपारभर ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे नाटक वाचत लोळले. काकडीच्या सँडविचवरून चाललेला तो चावटपणा वाचून एकटीच खिदळत होते. मग तारखा पाहिल्या.

१४ फेब्रुवारी १८९५, लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात पहिला प्रयोग. वाइल्डच्या प्रियकराचा बाप, क्वीन्सबरीचा मार्क्विस हा उमराव, नासकी भाजी फेकायच्या बेतात आलेला. त्याला आत सोडलंच नाही. (बॉक्सिंगचे नियम ज्याच्या नावाने ओळखतात, तोच हा!) २५ मेला वाइल्डला समलैंगिक संबंधांबद्दल २ वर्षं सक्तमजुरी. आणि त्याआधी अटक झाल्यावरही महिनाभर नाटक चालूच, फक्त जाहिरातींतून लेखकाचं नाव गाळलेलं. लोक त्याच्याच वाक्यांना हसत होते की! मला तर त्या बापापेक्षा या प्रेक्षकांचाच जास्त राग आलाय.