क्वार्टरची चावी

अकरा वर्षं मी हॉस्पिटलात नर्सेसच्या ड्युट्या लावतेय. माझ्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं एक आकडा असतो: घरी पोचायला लागणारी मिनिटं. सुरुवातीला बहुतेक आकडे चाळिसाच्या आत असायचे. आता शंभरापुढचेच जास्त. आयसीयूतली एक सिस्टर संध्याकाळच्या ड्युटीनंतर दुसऱ्या दिवशीची सकाळ स्वतःहून मागून घ्यायची. मला वाटायचं, काय कामसू पोरगी! मग एकदा चेंजिंग रूममध्ये ती दोन खुर्च्या जोडून झोपलेली दिसली. घरी जाऊन परत येण्यात तिची रात्रच संपते.

पगार तसा वाईट नाही तिचा. तीच तर गोम आहे. गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेत बसायला जास्त, शहरातलं भाडं भरायला कमी. शिक्षक, बसचे ड्रायव्हर, आग विझवणारे, सगळे याच फटीत अडकलेत.

त्यामुळे व्यवस्थापनानं स्टाफसाठी इमारत बांधायचं जाहीर केलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. मग नियमांचा कागद हातात आला. कलम चार: नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांत घर रिकामं करावं.

मी क्वार्टरमध्येच वाढले. बाबा रिटायर झाले त्याच महिन्यात एक माणूस यादी घेऊन आला. पंखे मोजले, नळ फिरवून पाहिले. दाराच्या चौकटीवर आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा होत्या, त्या बघून म्हणाला, "हे रंगवून द्यावं लागेल." बाबांनी स्वतः रंगवलं. पण मला त्याहून जास्त आठवतं ते आधीचं. दोनदा त्यांची बढती डावलली, ते ब्र काढू शकले नाहीत. आई म्हणायची, डोक्यावरचं छप्पर नोकरी देणाऱ्यांचं आहे.

ही काही आमच्याच घरची गोष्ट नाही. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीनं 1880 च्या दशकात कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं होतं. घरं चांगली होती म्हणे. 1893 च्या मंदीत कंपनीनं पगार कापले, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. पुढच्या वर्षी संप पेटला आणि देशभरातल्या रेल्वेत पसरला. शेवटी 1898 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला ती घरं विकायला सांगितलं. मालक आणि घरमालक एकच असला की असं होतं.

व्हिएन्नानं दुसरी वाट धरली. 1923 मध्ये तिथल्या महापालिकेनं घरांवर चढता कर लावला, आलिशान घराला कितीतरी जास्त, आणि त्या पैशातून स्वतः घरं बांधली. त्यातलीच 1930 साली उघडलेली कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे. मला त्या लांबीचं एवढं कौतुक नाही. कौतुक आहे ते एका साध्या नियमाचं: महापालिकेचं घर देताना उत्पन्न बघतात, नंतर नाही. पगार वाढला, नोकरी बदलली, तरी घर तुमचंच राहतं. म्हणून तिथे बढती नाकारायची वेळ कोणावर येत नाही. (आमच्याकडे ओव्हरटाइम नको म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्यात, उत्पन्नाची मर्यादा ओलांडेल म्हणून.)

मी समितीला दोन पानं लिहून दिली. इमारत जरूर बांधा, पण चाव्या हॉस्पिटलकडे नकोत, वेगळ्या विश्वस्त संस्थेकडे द्या. शेजारच्या शाळेतल्या, बस डेपोतल्या लोकांनाही घरं द्या, म्हणजे कोणा एका साहेबाच्या मर्जीवर ती राहणार नाहीत. आणि तीस दिवसांचे दोन वर्षं करा. एक सदस्य म्हणाले, "मग नोकरी सोडून गेलेल्यांना आम्ही का पोसायचं?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. जमीन हॉस्पिटलची, पैसा हॉस्पिटलचा. पण सोडून गेलेली नर्स बहुतेकदा दुसऱ्या हॉस्पिटलात जाते, ते हॉस्पिटल याच शहरात असतं, आणि तिथेही पेशंटच असतात.

काल ती आयसीयूवाली सिस्टर अर्ज घेऊन आली. "भरू ना मॅडम?"

"भर."

तिनं माझ्या टेबलावरचा नियमांचा कागद उचलला. कलम चारभोवती मी पेन्सिलीनं गोल केला होता.

"हे काढलंय का?"

"अजून नाही," म्हटलं.

तिनं तिथेच उभ्या उभ्या सही केली.