स्यांग्जाच्या शाळेतून निघताना

नेपाळच्या स्यांग्जा जिल्ह्यातल्या एका सामुदायिक विद्यालयात, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेत, मी तिसरी ते पाचवीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला गेले होते. मानधन नाही, राहणं-जेवण गावातल्या एका घरी. असोज म्हणजे आश्विन महिन्यात, दसैंची (तिकडच्या दसऱ्याची) सुट्टी लागण्याआधी परत आले. जाताना राहण्याची, रस्त्याची, औषधांची माहिती हवी तेवढी मिळाली होती. तिथून निघायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः शेवटच्या काही आठवड्यांचा आहे.

सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती. शिकवायला जायचं तर शाळेत जा, अनाथालयात जाऊ नका. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं घरापासून तोडली जातात. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली. निरोपाच्या वेळी हा फरक फार जाणवतो. शाळेतलं मूल चार वाजता दप्तर उचलून आपल्या आईकडे जातं, त्याच्यासाठी आपण एक गेलेली शिक्षिका असतो. बालगृहातल्या मुलाला मात्र दर थोड्या दिवसांनी नवं माणूस जवळ घेतं आणि सोडून जातं. ते दुःख आपण कुणाच्याही वाट्याला आणू नये.

तारीख पहिल्याच आठवड्यात सांगा. आमच्या वर्गात विक्रम संवताचं कॅलेंडर टांगलेलं होतं. मी असोजच्या पानावर मुलांसमोर गोल केला आणि त्या दिवसानंतर इंग्रजी त्यांच्या नेहमीच्या मिस शिकवतील असं सांगितलं. पाचवीची मुलं मधूनमधून पानं उलटून मोजायची. शेवटच्या दिवशी रडणं झालंच, पण फसवलं गेल्याचा भाव कुणाच्या चेहऱ्यावर नव्हता.

तारीख निवडताना मात्र दोन मोह टाळा. पहिला दसैंच्या सुट्टीबरोबर निघण्याचा. सगळे घरी जायच्या गडबडीत असतात, त्यात आपलं जाणं खपून जातं. पण सुट्टी संपवून मुलं येतात तेव्हा खुर्ची रिकामी दिसते. दुसरा मोह शुक्रवारचा. आमच्याकडे शुक्रवारी अर्धी शाळा, दुपारी नाचगाणी आणि स्पर्धा, त्यामुळे कार्यक्रमाला वेळ आयताच मिळतो. पुढे शनिवारची सुट्टी. म्हणजे निरोपानंतर मूल ते दुःख घेऊन घरी बसतं. मी परीक्षेचे पेपर तपासून वाटले आणि शाळा अजून चालू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी निघाले. दुसऱ्या दिवशी दहाला घंटा झाली, त्याच वर्गात, त्याच बाकांवर इंग्रजीचा तास झाला. मुलांना सगळ्यात जास्त गरज त्या तासाची होती असं मला वाटतं.

तो तास नीट व्हावा म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे मी फळ्यापासून मागे सरकले. शिकवायच्या मिस, मी मागच्या बाकावर. सुरुवातीला मुलं मान वळवून माझ्याकडे बघत, मग हळूहळू थांबली. मिसना मी एक वही लिहून दिली होती. कोण अक्षरं जोडून वाचतो, कोण चित्र बघून अंदाज बांधतो, कुणाला फळा दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं, घरी मगर किंवा गुरुङ भाषा बोलणाऱ्या कोणत्या मुलांना सूचना आधी नेपाळीत सांगाव्या लागतात. जाणाऱ्याने मागे ठेवण्यासारखी याहून मोलाची वस्तू मला तरी ठाऊक नाही. वही बनवायला वेळ लागतो, ती शेवटच्या रात्री लिहून होत नाही.

आता तो प्रश्न. «मिस, फेरि कहिले आउनुहुन्छ?» परत कधी येणार, हे सगळीच विचारतात, आणि तिसरीतली एक मुलगी तर हात धरून रोज विचारायची. इथे मन घट्ट करा. तिकीट काढलेलं नसेल तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणू नका. मी «थाहा छैन» म्हणायचे, माहीत नाही. आणि लगेच जे नक्की ठाऊक होतं ते सांगायचे: तुमची पत्रं शाळेच्या पत्त्यावरून आली की मी उत्तर देईन, आणि ते सगळ्या वर्गाला मिळून असेल. मुलांचे फोन नंबर घेतले नाहीत, कुणाला फेसबुकवर जोडलं नाही. फोटो मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचारून काढले, आणि चेहरे दिसणारा एकही कुठे टाकला नाही.

निरोपसमारंभ, तिकडे ‘बिदाइ’, टाळता येत नाही आणि टाळूही नये. तो गावाचा मान आहे. मादल हा छोटा ढोल वाजतो, मुलं नाचतात, व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बोलतात, रांग लावून टीका म्हणजे कपाळावर टिळा, अबीर लावतात, सयपत्रीच्या (झेंडूच्या) माळा आणि खादा हा मानाचा उपरण्यासारखा पट्टा घालतात. मान झुकवून घ्या, टीका लगेच पुसू नका, खादा घडी करून सोबत न्या. चार वाक्यं नेपाळीत बोला, उच्चार चुकले तरी चालतील. मुलं पेरू, भाजलेला मका आणून देतात. संत्री तेव्हा झाडावर हिरवीच असतात, नाहीतर तीही पिशवीत पडली असती. उलट भेट देताना एकेकाला वेगळं काही देऊ नका. मी पोखऱ्यातून रातो बंगला किताब या प्रकाशनाची नेपाळी गोष्टींची पुस्तकं आणून वर्गाच्या कपाटात ठेवली, नाव न लिहिता.

घरचा निरोप वेगळा. दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या गाग्री, म्हणजे घागरी, त्यांत फुलं. आमाने, म्हणजे त्या घरच्या आईने, दह्या-तांदळाचा टीका लावला, उकडलेलं अंडं आणि दही हातावर दिलं. पहाटे पोटात जात नसलं तरी दोन घास खा. त्यांच्याकडे निघताना शकुन असाच करतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: 1950 च्या करारामुळे भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, 15 ते 65 वयाच्या प्रवाशांचं आधार चालत नाही. इतर देशांचा पासपोर्ट असणाऱ्यांना पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही, तेव्हा शाळेशी आधी बोलून घ्या. पोलीस पडताळणीचा दाखला शाळेने मागितला नाही तरी स्वतःहून न्या.

परतीला मी सिद्धार्थ महामार्गाने बुटवल, भैरहवा आणि सुनौलीची सीमा गाठून गोरखपूरला आले. घाटाचा रस्ता, आणि बुटवलच्या वर सिद्धबाबाजवळ पावसाळ्याच्या अखेरीस दरडी येतात. उरलेले नेपाळी पैसे सीमेवरच बदला, 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी हा ठरलेला दर आहे. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. ते करताना गावातून निघायची तारीख आणि गाडीची तारीख यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. आमची बस सिद्धबाबापाशी दुपारभर अडकली होती, त्या राखलेल्या दिवसामुळेच गाडी मिळाली.