अहवाल येत होते, ऑर्डरी येत नव्हत्या

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात पुठ्ठ्याचे खोके छापणाऱ्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. काजूवाले, मिठाईवाले, घरी लाडू-नेवऱ्या करून विकणाऱ्या बायका, सगळ्यांना खोके त्याच दिवसांत हवे असतात. कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या अशा एका छापखान्याच्या सर्व्हरचं काम माझ्याकडे आलं ते ऐन या गडबडीत. तक्रार अशी की सगळीकडून मेल येतात, पण एका कंपनीच्या खात्यांवरून पाठवलेले तेवढे येत नाहीत. ती कंपनी म्हणजे मोफत मेल खाती देणारी, घरोघरी वापरली जाणारी. तिचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता.

शेठनी पहिल्याच भेटीत विचारलं, "बाब, आमचे मेल त्यांना पोचतात. त्यांची उत्तरं आम्हाला का पोचत नाहीत?"

मेलची जायची वाट आणि यायची वाट वेगळी असते. आपण पाठवतो तेव्हा आपला सर्व्हर समोरच्याचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते सांगणारी नोंद, बघतो आणि तिथे जातो. ते पाठवतात तेव्हा त्यांचा सर्व्हर आपला एमएक्स बघून आपल्याकडे येतो. एक वाट चालू आणि दुसरी बंद असं सहज होऊ शकतं. आधी कोणीतरी ब्लॅकलिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या याद्या, तपासण्यात बराच वेळ घालवला होता. आपला पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये गेला तर आपले मेल लोक घेत नाहीत. लोकांचे मेल आपल्याकडे येण्याशी त्याचा काही संबंध नाही.

ऑर्डर घेणाऱ्या ताईंनी मात्र फार मोलाचं काम करून ठेवलं होतं. 'मेल पाठवला होता, मिळाला ना?' असा ज्याचा ज्याचा फोन आला, त्याचं नाव, तारीख आणि मेलचा पत्ता त्यांनी ऑर्डरबुकाच्या शेवटच्या पानावर लिहिला होता. म्हापशाचा काजूवाला, डिचोलीच्या लोणचीवाल्या बाई, फोंड्यातलं मिठाईचं दुकान. प्रत्येक पत्त्याची शेपटी एकच, आणि सगळ्यात जुनी तारीख जुलैमधली.

जुलैत काय झालं होतं? तोवर मेलचा सर्व्हर छापखान्यातच होता. पावसात वीज जायची, यूपीएस दम तोडायचा आणि मेल बंद पडायचे, म्हणून तो उचलून भाड्याच्या सर्व्हरवर नेला होता. निर्णय अगदी बरोबर होता. नवा सर्व्हर चांगला, सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) वैध, एमएक्स रेकॉर्ड बदललेला, मेल यायचं दार म्हणजे पोर्ट २५ उघडं. मी बाहेरून जोडून पाहिलं, तर सर्व्हर नीट बोलत होता.

मला घाई वाटत होती ती त्या पानावरच्या नावांमुळे. वेर्ण्याच्या औषध कंपनीची ऑर्डर अडकली तर त्यांच्या खरेदी विभागातून दहा फोन येतात, आणि तसंही त्यांचे मेल त्यांच्या स्वतःच्या डोमेनवरून येत असल्याने पोचतच होते. मोफत खात्यावरून ऑर्डर देणारा छोटा माणूस एखाददुसरा दिवस वाट बघतो आणि गुपचूप दुसऱ्या छापखान्यात जातो. पानावर फक्त फोन करणाऱ्यांची नावं होती. न करणारे किती असतील?

मी माझ्या त्याच कंपनीच्या खात्यावरून एक मेल पाठवला आणि सर्व्हरच्या लॉगवर, म्हणजे त्याच्या नोंदवहीवर, नजर ठेवली. काहीच आलं नाही. मेल नाकारला असता तर तशी ओळ दिसली असती, स्पॅममध्ये टाकला असता तरी दिसली असती. इथे त्यांचा सर्व्हर आमच्याकडे फिरकलाच नव्हता. अशा वेळी पहिला संशय नको त्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलवर जातो, माझाही गेला. पण खात्री करायला म्हणून जुलैपासूनचा सगळा लॉग त्या कंपनीच्या नावाने चाळला, आणि मी खुर्चीत सरळ बसलो. त्या कंपनीकडून दररोज एक मेल येत होता! जवळजवळ ठरावीक वेळेला, न चुकता, आणि व्यवस्थित स्वीकारलाही जात होता. म्हणजे फायरवॉल नाही, रस्ताही बंद नाही. तो मेल जात होता अशा एका खात्यात, जे उघडणारं छापखान्यात कोणीच नव्हतं.

ते खातं उघडलं. आत एकाखाली एक मेल, प्रत्येकाला एक छोटी झिप केलेली फाइल जोडलेली. जुलैच्या सुरुवातीची एक फाइल उघडली, मग सर्व्हर हलवल्यानंतरची एक. दोन्ही शेजारी ठेवल्या. पहिलीत यशस्वी जोडण्यांचा आकडा भरलेला आणि अयशस्वी शून्य. दुसरीत नेमकं उलटं, यशस्वी शून्य. आणि त्याच फाइलमध्ये मेल कुठे द्यायचे याचं आमचंच धोरण उतरवून दिलेलं, ज्यात मेल सर्व्हर म्हणून नाव होतं छापखान्यातल्या जुन्या मशीनचं.

हा एमटीए-एसटीएसचा, म्हणजे मेल फक्त सुरक्षित वाटेनेच द्या असं सांगणाऱ्या नियमाचा, प्रकार होता. मेल पोचवायची पद्धत, एसएमटीपी, १९८२ सालची. तेव्हा मेल उघड्याच तारेवरून जायचे. पुढे जोडणी गुप्त करणारं स्टार्टटीएलएस आलं, पण ते ऐच्छिक. मधे बसलेल्या कोणी ती सोय दिसूच दिली नाही, तर पाठवणारा सर्व्हर मुकाट्याने उघडा मेल देऊन मोकळा होतो. त्यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये आरएफसी ८४६१ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज निघाला. आपल्या वेबसाइटवर एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात जाहीर करायचं की आमचे मेल फक्त या नावाच्या सर्व्हरवर, वैध सर्टिफिकेट असेल तरच द्या. 'मोड'समोर 'एन्फोर्स' लिहिलं की हे मानणारा सर्व्हर नाव जुळल्याशिवाय मेल देत नाही. छापखान्याचं आधीचं काम करणाऱ्या कोणीतरी हे सगळं नीट बसवलं होतं. सर्व्हर हलवताना एमएक्स बदलला, पण ही फाइल वेबसाइटच्या वेगळ्या होस्टिंगवर तशीच राहिली. बहुतेक छोटे मेल सर्व्हर ती बघतच नाहीत. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरलाही त्यासाठी वेगळी जोड द्यावी लागते. म्हणून त्यांचे मेल येत राहिले. ही कंपनी ती फाइल बघते, आणि तिने आम्ही सांगितलं तेच केलं.

रोज येणारे ते मेल म्हणजे जोडण्या जमल्या की नाही याचे अहवाल, आणि ते त्याचाच जोडभाग, आरएफसी ८४६०. त्यात स्पष्ट म्हटलंय की अहवाल पाठवताना हे धोरण आडवं येऊ द्यायचं नाही. म्हणून ऑर्डरी अडल्या तरी अहवाल पोचत राहिले. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्याविषयी मला त्या दुपारी फार आदर वाटला.

शेठचा भाचा म्हणाला, "फाइलच उडवून टाकूया ना." मी त्याला थांबवलं. एक तर ते कुलूप चांगलं आहे. दुसरं म्हणजे उडवून काही होत नाही. पाठवणारे सर्व्हर धोरणाची प्रत जपून ठेवतात, 'मॅक्स एज'मध्ये लिहिलेल्या मुदतीपर्यंत. आमच्या फाइलीत ३१५५७६०० सेकंद होते, म्हणजे पूर्ण वर्ष. फाइल गेली असती आणि जुनी प्रत वर्षभर आम्हाला अडवत राहिली असती.

आधी फाइलीत नव्या सर्व्हरचं नाव घातलं, ती ब्राउझरमध्ये उघडून अक्षर न् अक्षर तपासली, आणि मगच डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदींमधल्या) टीएक्सटी रेकॉर्डचा, म्हणजे असं धोरण आहे हे सांगणाऱ्या नोंदीचा, आयडी बदलला. क्रम हाच हवा. आयडी बदललेला दिसला की पाठवणारे नवी प्रत घ्यायला येतात, तेव्हा तिथे जुनीच फाइल असून चालत नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता, ताई घरी जायचं सोडून थांबल्या होत्या. डीएनएसची जुनी नोंद जपून ठेवायची मुदत सरली आणि लॉग हलू लागला. आधी माझा चाचणीचा मेल आला, मग त्या कंपनीच्या रांगेत अडकलेले एकामागून एक. "आला, म्हापशाचा आला!" ताई ओरडल्याच. जुना मेल मात्र आपोआप येणार नव्हता. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करतो आणि मग मेल परत करतो. अहवालांतही फक्त आकडे असतात, कोणी कोणाला लिहिलं ते नसतं. शेवटी शेठनी गेल्या चवथीचं बिलबुक काढलं, त्यातले छोटे गिऱ्हाईक निवडले आणि स्वतः फोन करायला बसले. काहींनी खोके दुसरीकडे टाकले होते. डिचोलीच्या बाईंनी अजून टाकले नव्हते.