गच्चीवरची अलमारी

नोव्हेंबरात लेकानं पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवलं ते ग्रीनहाऊस खोक्यातून निघालं तेव्हा आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, अगं ही तर अलमारी आहे. बरोबरच होतं म्हणा, लोखंडी पाइप, चार कप्पे, वरून पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर आणि पुढे झिप. मी जरा रुबाबात सांगितलं की 1829 साली लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं बंद बाटलीत किड्याचा कोष ठेवला होता, त्यातल्या मातीत नेचा उगवला, मग तशाच काचेच्या पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं आपल्या हिमालयात आली. आई म्हणाल्या, बरं, मग चहा टाक.

आमच्या ग्वाल्हेरची थंडी पुण्यामुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही. जानेवारीत पारा कधीकधी दोन-तीनवर येतो, कोहऱ्यात (म्हणजे धुक्यात) किल्ला गायब, आणि पाला (म्हणजे गोठलेलं दव) पडला की टोमॅटोची रोपं एका रात्रीत काळी. तुळस तर दर वर्षी जळतेच, जुनी ओढणी गुंडाळली तरी. अलमारीचं सोपं आहे, ऊन आत जातं, माती तापते, तापलेली हवा आतच अडकते. पण रात्री नुसतं प्लास्टिक फार काही करत नाही, म्हणून मी काळ्या रंगवलेल्या बाटल्या पाण्यानं भरून खालच्या कप्प्यात ठेवल्या, दिवसभर तापतात आणि रात्री हळूहळू ऊब सोडतात. दुसऱ्याच दिवशी आईंनी गुपचूप तुळशीची कुंडी आत सरकवली, पुन्हा अलमारी म्हणाल्या नाहीत.

सोपं सोपं म्हणतात पण सकाळी झिप उघडायची, संध्याकाळी लावायची, ही नोकरीच आहे. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला मुरारला गेले आणि झिप लावलेलीच राहिली, त्या दिवशी नेमकं कडक ऊन, परत येऊन बघते तर कोथिंबीर भाजीत टाकल्यासारखी शिजलेली. तुळस मात्र टवटवीत, तिला उकाडा मानवतो. आत मधमाश्या फारशा येत नाहीत, म्हणून पूजा आटोपली की आई टोमॅटोच्या फुलांना टिचक्या मारतात, परागकण झडायला तेवढं पुरतं. एकूण टोमॅटो किती आले विचारू नका, छत्री मंडीत तेवढ्या पैशात दोन वर्षांचे आले असते.

मे महिन्यात इथे 44-45 डिग्री, आत काय जगणार, शिवाय आंधी आली की अलमारी उडायची भीती, म्हणून तळाला विटा ठेवून कठड्याला तारेनं बांधलीये. काढून ठेवायचं ठरवलं होतं. वर गेले तर चारही कप्प्यांत ताटं, ताटांत कुरडया, झिप हातभर उघडी आणि त्यावर मच्छरदाणीचा तुकडा पिनांनी लावलेला. धूळ नाही, कबुतर नाही, माकडं लांबूनच बघतायत, आणि आई खाली फोनवर मावशीला सांगत होत्या, तुझ्या लेकालापण सांग एक मागवायला.