बिअर गार्डनमध्ये धपाटे

उन्हाळ्यात लातूरकडचा माणूस म्युनिकला आमच्या घरी आला की बूट काढता काढता वर छताकडं बघतो. पंखा नसतो. इथली घरं थंडी अडवायला बांधलेली, त्यामुळं जुलैत एकदा उष्णता आत शिरली की बाहेर पडायचं नाव घेत नाही. यंदा आई, मामा आणि मामी आले होते. शेजारी उकाड्यानं हैराण झालेत हे ऐकून मामा म्हणाले, "३२ ला उकाडा म्हणायलेत? मे महिन्यात परभणीला धाडा की यांना!" पुढं त्यांनीच उशी खिडकीखाली नेली. सकाळी लवकर खिडक्या लावून शटर खाली ओढायचं, रात्री सगळं सताड उघडायचं, एवढाच काय तो उपाय.

घरातल्या पाहुणचाराची खरी अडचण सूर्याची. जूनमध्ये तो सव्वानऊच्या सुमारास मावळतो. देवापुढं दिवा कधी लावायचा हे मामींना कळेना. शेवटी घड्याळ बघून सातला लावला, बाहेर लख्ख ऊन. जेवणं लांबतात, गप्पांना रंग चढतो आणि तेवढ्यात दहा वाजतात. दहानंतर शांतता पाळायची असते, आणि मामांचा आवाज तर बांधावरून हाक मारायच्या पट्टीतला. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच भरायची. इथल्या बुटरमिल्खमध्ये जिरं, मीठ आणि ठेचलेली मिरची घातली की मठ्ठा झकास होतो.

फिरायला नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला नेलं, सगळेच नेतात. बायर्न (म्हणजे आमचं बव्हेरिया राज्य) तिकिटावर पाच जणांना दिवसभर लोकल रेल्वेनं हिंडता येतं, पण कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं. मामा पाचला उठून, आंघोळ उरकून, दारात बसलेले. औशाचा भुईकोट आणि देवगिरीची अंधारी बघितलेल्या माणसाला तो वाडा काही पटला नाही. "तोफा कुठं हायत?" दुसऱ्या लुडविग राजानं १८६९ मध्ये बांधायला घेतलेला हौसेचा महाल तो, लढाईशी त्याचा संबंध नाही. हे सांगितल्यावर त्यांचा उरलासुरला रसही गेला.

खरी मजा आली ती इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याजवळच्या बिअर गार्डनमध्ये. आई आधी यायलाच तयार नव्हती. "दारूच्या गुत्त्यात मी कशाला येऊ?" तिला समजावलं, तिथं लेकरंबाळं, आजीआजोबा सगळे असतात, आणि मुख्य म्हणजे घरचा डबा चालतो. पूर्वी उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती, म्हणून ती तळघरात साठवायचे आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायचे. तिथंच ती विकायला लागल्यावर खाणावळवाले कुरकुरले. मग १८१२ मध्ये राजानं ठरवून दिलं: बिअर विका, सोबत पाव द्या, बाकी जेवण नको. लोक घरून खायला आणू लागले, ते आजतागायत. फक्त कापड अंथरलेल्या टेबलावर डबा उघडायचा नाही, आणि पिण्याचं मात्र तिथंच विकत घ्यायचं.

मग काय, दाट सावलीत लाकडी बाकावर आमचा डबा उघडला. ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, दही. मामा चारी बाजूंनी बघत म्हणाले, "ही तर येळवसच की!" आमच्याकडं वेळ अमावस्येला अख्खं लातूर शेतात जेवायला जातं, गावात चिटपाखरू नसतं; इथं तर हे सारा उन्हाळाभर चालतं. सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं पेय आईला आवडलं. समोरच्या आजोबांनी पांढरा मुळा स्प्रिंगसारखा गोल कापून, मीठ लावून आणला होता. त्यातला थोडा त्यांनी पुढं केला, मामींनी धपाट्याचा तुकडा दिला. ठेचा मी मुद्दाम लांब सरकवला तरी त्यांनी बोट बुडवलंच. खोकले, डोळे पुसले आणि पुन्हा बुडवलं.

पाहुण्यांना चार दिवसांत चार देश दाखवणारे आमचे मित्र आहेत. पोरं दमतात, म्हातारी माणसं बसमध्ये झोपतात. त्यापेक्षा हे बरं, असं माझं मत झालंय.

मामांना आता तिथं येळवशीची भज्जी (मिसळ भाजी) आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील न्यायची आहे. भज्जीचं जमेल. आंबील पेयात धरतील का, हा प्रश्न आहे. "आंबील म्हणजे जेवण हाय, पाणी नाही," मामा ठाम आहेत. काउंटरवरच्या बाईंना हे जर्मनमध्ये कोण पटवून देणार, ते अजून ठरलेलं नाही.