व्हरमाँटचं गुऱ्हाळ: मेपलच्या हंगामात मुलांना घेऊन जाताना

मेपलच्या झाडाचा रस आटवून सिरप (गोड पाक) कसं करतात ते बघायला मार्चमध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात जायचं तर कॅलेंडरपेक्षा पारा बघा. रात्री शून्याखाली चार-पाच अंश आणि दिवसा शून्यावर तितकेच, असं असेल तर मेपलचा रस ठिबकतो. रात्र गोठली नाही किंवा दिवसा बर्फ सुटलाच नाही, तर धार बंद. मार्चअखेरच्या ‘ओपन हाउस’ शनिवार-रविवारी बरीच शेतं खुली असतात, पण रस आटवायची भट्टी पेटलेली असेलच असं नाही. सकाळी फोन करून तेवढंच विचारा.

बॉस्टनहून हायवे 93 आणि मग 89 धरून व्हाइट रिव्हर जंक्शनपर्यंत दोन-सव्वादोन तास लागतात. त्रास हायवे सोडल्यावर. कच्च्या रस्त्याचा वरचा थर वितळतो, खालची जमीन मात्र गोठलेलीच असते. पाणी मुरत नाही आणि चाकं रुततात. डांबरी रस्त्यालगतचं शेत निवडा, जीपीएसने सुचवलेला जवळचा रस्ता टाळा. सगळ्यांना गमबूट, मुलांना मोज्यांचा जादा जोड.

झाडाला पाडलेलं भोक जेमतेम 8 मिमी रुंद नि 4 सेंमी खोल असतं, आणि रस बाहेर वाहावा म्हणून आत जाताना किंचित वर चढतं. बादल्या आता बहुधा शोभेपुरत्या. खरा रस नळ्यांतून येतो. चाखून बघा, जवळजवळ पाणीच! 1 लिटर सिरपला किती रस लागेल ते काढायला 86 ला रसातल्या साखरेच्या टक्क्याने भागायचं: 2 टक्के असेल तर 43 लिटर रसाचं 1 लिटर सिरप.

काकवी पाहिलेल्यांना कढईजवळचं सगळं ओळखीचं वाटेल. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साधारण 4 अंश वर गेलं की सिरप तयार. हवेच्या दाबाबरोबर उकळबिंदू बदलतो, म्हणून तो रोज नव्याने तपासतात. कमी आटलं तर बुरशी, जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी खडे. फेस उतू जाऊ नये म्हणून थेंबभर स्निग्ध पदार्थ टाकतात. पूर्वी कढईवर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगत, आता बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, कोणी वाईट मानत नाही. मुलांना कढईपासून हातभर लांबच ठेवा. वाफ फार भाजते.

सिरप 112 अंशांपर्यंत तापवून दाबलेल्या बर्फावर ओततात, त्याचा चिकट गोळा काट्याने गुंडाळून खायचा. सोबत डोनट आणि व्हिनेगरमधली काकडी येते. काकडी बाजूला सारू नका. तिच्यामुळेच दुसरा घास जातो.

घरी नेताना गडद रंगाचं ‘डार्क’ सिरप घ्या. दशमीला किंवा घावनाला फिकट ‘गोल्डन’ची चव पुरत नाही. बाटली उघडली की फ्रिजमध्येच.